सात की आठ? धुतल्या जाणाऱ्या पेटीसाठी छोटा वॉटरप्रूफ स्पीकर निवडताना

गावच्या दूध संस्थेत पहाटेपासून गर्दी असते. किटली रिकामी होते, काटा वजन दाखवतो, नमुना फॅट मशीनला जातो, लाल दिव्यांत आकडे उमटतात आणि रांग पुढे सरकते. ज्यांना ते आकडे वाचता येत नाहीत किंवा डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना दुसरा कुणी सांगेल तोच आकडा धरून चालावं लागतं. कोल्हापूरकडच्या एका संस्थेसाठी मी बोलणारी पेटी केली ती एवढ्याचसाठी. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मराठीत मोठ्याने सांगायचं, म्हणजे ज्याचं दूध त्याला आपला आकडा स्वतःच्या कानांनी ऐकता येईल.

पेटी तळहातापेक्षा थोडी मोठी. टेबलावर दूध सांडतं, त्यामुळे दोन्ही वेळचं संकलन संपलं की टेबलासोबत पेटीही धुतली जाते. आधी साबणाच्या पाण्याचा हात फिरतो, मग पाइपचा फवारा. धुवायची म्हणून पेटी चारी बाजूंनी बंद हवी, आणि बोलायची म्हणून आवाजाला वाट हवी. या दोन गरजांची ओढाताण सगळी एकाच ठिकाणी होते, ते म्हणजे स्पीकर.

पहिल्या पेटीत मी कागदी कोनचा साधा ४० मिमीचा स्पीकर बसवला होता. कोन म्हणजे स्पीकरचा पुढेमागे हलून आवाज काढणारा भाग. पुढे बारीक भोकांची जाळी, जाळीला आतून चिकटवलेली पातळ प्लास्टिकची फिल्म. तीन आठवड्यांत आवाज घोगरा झाला. पेटी उघडली तर आधी नासक्या दुधाचा वास आला. फिल्म एका कोपऱ्यात सुटली होती. कोनच्या कडेला, नेमका जो भाग हलायला हवा तिथेच, दह्यासारखं पांढरट वाळलेलं कडं जमलं होतं. कागद फुगून त्याला सुरकुत्या पडल्या होत्या आणि मागच्या लोखंडी चौकटीवर तांबूस गंज धरला होता. दुसऱ्या पेटीसाठी मी ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला स्पीकर आणला. तो धुण्यात टिकला, पण पेटी ठेवली त्या सकाळी एका आजींनी जाळीला कान लावून ऐकलं आणि मला म्हणाल्या, “लेका, सात म्हणतंय का आठ म्हणतंय, कळंना बघ.”

स्पीकर निवडताना काय काय बघायचं, ते मी त्या दोन पेट्यांपासून शिकलो. सांगतो.

आधी आयपीच्या आकड्याबद्दल. डब्यावर आयपी ६७ किंवा आयपीएक्स ७ असं छापलेलं असतं. ही पद्धत आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातली. पहिला आकडा धुळीचा, ० ते ६. दुसरा पाण्याचा, ० ते ९. एखाद्या आकड्याच्या जागी एक्स असेल तर त्या बाबतीत दर्जा दिलेलाच नाही, असा अर्थ. पाण्याचा ४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारं पाणी. ५ म्हणजे ६.३ मिमीच्या नळीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याची धार. ६ म्हणजे त्याहून बरीच मोठी, मिनिटाला १०० लिटरची धार. ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कठीण, पण किती खोल आणि किती वेळ ते उत्पादकाने सांगायचं. ९ म्हणजे ८० अंश सेल्सिअसच्या पाण्याचा जवळून मारलेला जोरदार फवारा.

वाचताना वाटतं की वरचा आकडा मिळाला की खालचे आपोआप मिळाले. ६ पर्यंत ते बरोबर आहे. पण ७ आणि ८ ही बुडवण्याची परीक्षा आहे, धारेची नाही. शांत पाण्यात अर्धा तास तग धरणारा स्पीकर पाइपच्या धारेसमोर फाटू शकतो. दोन्हींना टिकणाऱ्या वस्तूवर आयपी ६५/६७ असे दोन्ही दर्जे लिहिलेले असतात. आमच्या पेटीला कुणी बादलीत बुडवत नाही, तिच्यावर पाइप मारतात. म्हणजे मला खरी गरज ५ ची होती आणि मी ७ बघून खूश झालो होतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. स्पीकरसोबतच्या माहितीच्या कागदावर लिहिलेला दर्जा बहुतेक वेळा फक्त त्याच्या पुढच्या तोंडाचा असतो, आणि तोही तो नीट बसवला असेल तरच. स्पीकरची मागची बाजू, तारा, तारांचे टाके हे सगळं कोरड्या जागी आहे असं धरूनच तो दर्जा दिलेला असतो. घराच्या खिडकीला उत्तम काच आणली, पण चौकट आणि भिंत यांच्यात फट ठेवली तर पाऊस आत येणारच. तसंच हे. स्पीकर आणि पेटी यांच्यातली रबरी कडी तुम्ही बसवायची असते आणि पेटीचा दर्जा त्या कडीवर ठरतो. कडी सगळीकडे सारखी दाबली जायला हवी. स्क्रू दोनच असतील तर मधलं प्लास्टिक किंचित वाकतं आणि पाणी बरोबर तिथून शिरतं. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारायचा: दर्जा कोणत्या बाजूचा, आणि चाचणीत कडी कोणती होती? चांगला विक्रेता त्याचं चित्र देतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटा स्पीकर घेताना नुसता ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द छापलेला असेल आणि आकडा नसेल, तर मी तो साधा स्पीकर समजूनच चालतो.

आता साबण. या भागाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, म्हणून जरा थांबून सांगतो. आयपीची चाचणी साध्या पाण्याने होते. साबण नाही, दूध नाही, सॅनिटायझर नाही.

स्पीकर पाण्यापासून वाचवायचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक म्हणजे स्पीकरचा कोनच पाण्याला न जुमानणारा घ्यायचा: प्लास्टिक फिल्मचा किंवा सिलिकॉनचा, भोवती रबरी कड. दुसरा म्हणजे साधा स्पीकर आत ठेवून त्याच्यापुढे ताणलेल्या पीटीएफईचा पडदा लावायचा. पीटीएफई म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतो तोच पदार्थ. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांना दिसलं की हा पदार्थ झटक्यात ताणला तर तो अतिसूक्ष्म छिद्रांचा होतो. त्या छिद्रांतून हवा जाते, पण पाण्याचा थेंब शिरत नाही. भारी रेनकोटचं कापड यावरच आलं, आणि मोबाइलच्या स्पीकरपुढचे पडदेही असेच असतात.

थेंब का शिरत नाही? पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या कातडीसारखा वागतो. नळाच्या तोंडाशी थेंब लोंबतो तो त्यामुळेच. खोलीच्या तापमानाला हा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. पीटीएफईला पाणी नको असतं आणि ही कातडी ताठ असते, म्हणून थेंब छिद्राच्या तोंडाशीच अडून बसतो. पण साबण टाकला की हाच आकडा ३० च्या आसपास येतो. कातडी सैल पडते आणि पाणी छिद्रात सरकतं. साबणाचं कामच ते आहे, कपड्याच्या धाग्यात पाणी शिरवणं. दूधही साधं पाणी नाही. त्यातल्या प्रथिनांमुळे आणि स्निग्धांशामुळे त्याचा पृष्ठताण ५० च्या आसपास असतो. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलचा तर २२-२३ च. एकदा पडदा असा भिजला की त्याची पाणी अडवायची ताकद जाते, आणि वाळल्यावरही साबणाचा अंश छिद्रांत उरला तर पुढच्या खेपेला साधं पाणीही आत येतं. तेल आणि साबण यांनाही दाद न देणारी प्रक्रिया केलेले पडदे मिळतात, पण ते मुद्दाम मागावे लागतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जे उपकरण पावसात भिजणार किंवा पाण्यात पडणार, त्याला पडदा चालेल. जे रोज साबणाने धुतलं जाणार, त्याला पडदा नको. त्याला उघडा, गुळगुळीत, पुसता येणारा कोनच हवा. दूध तिथपर्यंत पोहोचलं तरी पाण्याने निघून जायला हवं. पडद्यामागे किंवा बारीक जाळीमागे अडकलेला दुधाचा एक थेंब दुसऱ्या दिवशी वास मारतो आणि चौथ्या दिवशी कडक होतो.

जाळीबद्दलही तेच. बारीक भोकांत पाण्याचा पडदा धरतो आणि आवाज बसतो. मोठ्या भोकांत पाणी थांबत नाही. मी आता ३ मिमीच्या उभ्या फटी ठेवतो, सगळ्यात खालची फट तळाला उघडी असते आणि स्पीकरचं तोंड थोडं जमिनीकडे झुकलेलं असतं. वर छोटासा छज्जा आहे, त्यामुळे पाइपची धार सरळ कोनवर आपटत नाही. काही उपकरणं अडकलेलं पाणी स्पीकर वाजवूनच बाहेर फेकतात. २०१६ मध्ये आलेल्या ॲपल वॉच सिरीज २ मध्ये ही सोय होती. कल्पना सुरेख आहे. पण दूध साकळलं असेल तर आवाजाने ते निघत नाही.

आता एक अशी गोष्ट, जी मला हिशोब मांडून बघेपर्यंत खरी वाटली नव्हती. पेटी खिडकीशी उन्हात असते आणि आतली हवा ५० अंशांपर्यंत तापते. संध्याकाळी तिच्यावर २५ अंशांचं पाणी पडतं. पेटी अगदी घट्ट बंद असेल तर आतली हवा थंड होताना तिचा दाब सुमारे ८ टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ ८ किलोपास्कलने उतरतो. ८० सेंटिमीटर पाण्याखाली जेवढा दाब असतो, तेवढा हा. पेटी टेबलावरच आहे, पण स्पीकरच्या दृष्टीने ती कमरेएवढ्या पाण्यात बुडाली. ४० मिमीच्या चकतीवर हा भार साधारण १ किलोचा होतो. एवढ्या नाजूक कोनवर बाहेरून एक किलो, आणि भोवती साबणाचं पाणी आत शिरायची फट शोधतंय. ७ नंबरच्या चाचणीत पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात ५ अंशांपेक्षा जास्त फरक नसतो, त्यामुळे हा प्रसंग तिथे येतच नाही.

यावर उपाय म्हणजे पेटीला श्वास घेऊ द्यायचा. तळाशी, जिथे दूध आणि फेस पोहोचत नाही अशा खोबणीत, पीटीएफईचं छोटं बूच बसवायचं. वर ज्या पडद्याला मी नको म्हटलं तोच इथे उपयोगी पडतो, कारण इथे त्याच्याकडून आवाजाची अपेक्षा नाही आणि त्याला साबणापासून दूर ठेवता येतं. दाब आत-बाहेर सारखा झाला की कड्यांवरचा ताण जातो.

उष्णतेचं आणखी एक. छोट्या स्पीकरमध्ये निओडिमियमचं चुंबक असतं आणि त्याचे साधे प्रकार ८० अंशांपर्यंतच्याच कामाचे असतात. त्यापुढे ते ताकद गमावू लागतात. त्यामुळे उकळत्या पाण्यातून काढायच्या वस्तूत हा स्पीकर घालायचाच नाही. या चुंबकाला गंजही लवकर चढतो, म्हणून त्यावर निकेलचा थर असतो; तो खरचटलेला दिसला तर स्पीकर परत करावा.

आता आजींच्या प्रश्नाकडे येतो. माझ्या लेखी सगळ्यात मोठा प्रश्न तोच.

‘सात’ आणि ‘आठ’ हे शब्द सावकाश म्हणून बघा. दोन्हींत स्वर एकच, लांब ‘आ’. शेवटचे ‘त’ आणि ‘ठ’ क्षणभराचे. दोन शब्दांतला मोठा फरक सुरुवातीच्या ‘स’चा. आणि ‘स’ हा आवाज नसून फुसफुस आहे. त्याची बहुतेक शक्ती ४,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४,००० कंपनांच्या, वर असते. ‘आ’ची शक्ती त्याच्या कितीतरी खाली. स्पीकर या वरच्या पट्टीतले आवाज गिळत असेल तर ‘सात’मधला ‘स’ जातो, ‘आत’ असं काहीतरी उरतं, आणि कान त्याला ‘आठ’ समजतो. जुन्या टेलिफोनची पट्टी ३०० ते ३,४०० हर्ट्झचीच होती. फोनवर नंबर सांगताना आपण दोन-दोनदा म्हणायचो त्याचं हे एक कारण. फॅट ३.७ लागली की ३.८, यावर दुधाचा दर हलतो. हा गोंधळ परवडणारा नाही.

दुसऱ्या पेटीत हेच झालं होतं. तो वॉटरप्रूफ स्पीकर जाड सिलिकॉनच्या कोनचा होता. जाड कोन जड असतो, आणि जड वस्तू सेकंदाला पाच-सहा हजार वेळा हलवायला अवघड जाते. म्हणजे पाण्याविरुद्ध जितकी जाडी वाढवावी तितका ‘स’ मरतो. वयाबरोबर माणसाचं ऐकणंही आधी वरच्या पट्टीतच उतरतं. दोन्हीकडून ‘स’च मारला जातो. म्हणून कोणत्या हर्ट्झला किती आवाज येतो ते दाखवणारा स्पीकरच्या कागदावरचा आलेख जरूर मागा आणि ४,००० ते ८,००० हर्ट्झमध्ये रेघ किती खाली जाते ते बघा. खालच्या बाजूला बोलण्यासाठी ४००-५०० हर्ट्झपासून सुरुवात असली तरी भागतं. गाणी वाजवायची नाहीत, तेव्हा बासच्या मागे लागू नका. पातळ पीईटी (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) फिल्मचा कोन आणि रबरी कड असलेला स्पीकर मला इथे सगळ्यात बरा वाटला. शब्दरचनाही बदलली. ‘सदुसष्ट’ आणि ‘अडुसष्ट’ हे जोडीचे शब्द टाळून पेटी एकेक आकडा सुटा म्हणते आणि आकड्यांच्या मध्ये थोडं थांबते.

किती मोठा आवाज मिळेल, हे वाचताना कागदावर एक फसगत होते. छोट्या स्पीकरचा आवाज कधी १ वॅट आणि १ मीटरवर मोजलेला असतो, तर कधी ०.१ वॅट आणि १० सेंटिमीटरवर. दुसऱ्या पद्धतीचा आकडा पहिल्यात बदलायचा तर शक्ती दहापट झाली म्हणून १० डेसिबल वाढवा आणि अंतर दहापट झालं म्हणून २० डेसिबल घटवा. एकूण १० कमी. म्हणजे १० सेंटिमीटरवरचे ८८ डेसिबल लिहिणारा स्पीकर १ मीटरवर ७८ चाच आहे. शेजारचा ८० लिहिणारा, पण १ मीटरवर मोजलेला, त्याच्यापेक्षा मोठा आहे. अर्ध्या मीटरवर उभ्या माणसाला १ वॅटला त्या ७८ चे सुमारे ८४ मिळतात. कॅनच्या खणखणाटात आजूबाजूचा आवाज ६५-७० डेसिबल धरला, तर बोलणं त्याहून १५ ने वर असलं म्हणजे नीट कळतं. मला एवढं पुरलं. ५ व्होल्टवरचा छोटा क्लास-डी ॲम्प्लिफायर ८ ओहमच्या स्पीकरला ही १ वॅटची शक्ती सहज देतो.

स्पीकरच्या मागे त्याची स्वतःची बंद वाटी असावी. कोन पुढे जातो तेव्हा मागे हवा ओढतो. पुढची आणि मागची लाट एकमेकींना भेटली तर आवाज मारला जातो. वाटीमुळे ते टळतं, शिवाय कोन फाटलाच तर पाणी वाटीत अडतं, सर्किटपर्यंत जात नाही. वाटीला आतल्या बाजूने सुईच्या टोकाएवढं भोक ठेवायचं, म्हणजे दाब हळूहळू सारखा होतो आणि आवाजाला त्रास होत नाही. वाटी फार छोटी केली तर आवाज पत्र्यासारखा होतो.

नुसती ‘बीप’ हवी असेल तर हे सगळं सोडा आणि पिझो बझर घ्या, म्हणजे वीज दिली की थरथरणारी पातळ चकती. त्यात कोन नाही, चुंबक नाही, चकती आतून भिंतीलाच चिकटवता येते. पेटीची भिंतच थरथरवणारा एक्सायटरही मिळतो, त्याला भोकच लागत नाही. पण जाड प्लास्टिकमधून ‘स’ येत नाही, म्हणून तो माझ्या कामाचा नव्हता.

तारांवरही लक्ष ठेवा. बारीक तारांच्या जुडीची वायर बाहेर भिजली तर पाणी प्लास्टिकच्या आवरणाखालून, तारांच्या फटीतून ओढलं जात आत येतं. लोक मग स्पीकरला दोष देतात.

परीक्षा घरीच घेता येते. पेटीत टिश्यूचा तुकडा ठेवा, पेटी बंद करा आणि सोनाराकडच्यासारख्या बारीक काट्यावर वजन टिपा. उन्हात तापवा, मग गार साबणपाणी आणि पाइप. असं वीस वेळा. बाहेरून पूर्ण वाळल्यावर पुन्हा वजन करा. एक-दोन दशांश ग्रॅमनी जरी वाढलं असेल तर आत पाणी आहे. मग आवाजाची परीक्षा. उलटसुलट क्रमाने पन्नास आकडे वाजवा आणि घरातल्या वयस्कर माणसाला ऐकू येतील तसे लिहायला किंवा म्हणायला सांगा. ही परीक्षा पेटी धुवायच्या आधी एकदा आणि धुतल्यावर, ओली असताना, एकदा. सात-आठचा गोंधळ किती वेळा झाला ते मोजा. आमच्या तिसऱ्या पेटीत ओल्या जाळीवरही तो एकदाच झाला.

ती पेटी आता दुसरा पावसाळा बघतेय. आजी किटली ठेवतात, आकडा ऐकतात आणि तो पुटपुटत बाजूला होतात. रबरी कडी दाबून दाबून चपटी होते आणि परत फुगत नाही, म्हणून ती वर्षाने बदलायची असं ठरवलंय. झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख लिहून ठेवली आहे, आणि शेजारी कडीचं माप.